नागपुरात फिरताना वायफाय कुठे मिळतं, कसं जोडायचं: बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी

बाबांच्या तपासण्यांसाठी ब्रह्मपुरीहून नागपूरला येणं-जाणं सुरू झालं तेव्हा माझ्याकडे रोजच्या दीड जीबीचा पॅक होता. तो दिवसभर पुरेल अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी सकाळी अकराच्या आत तो संपला. स्कॅनच्या फायली, गावच्या डॉक्टरांना पाठवायचे रिपोर्ट, आणि "बाबा कसे आहेत, दाखव बरं" म्हणणाऱ्या आत्याला केलेले दोन व्हिडिओ कॉल. मग "इथं कुठं वायफाय भेटते का हो?" असं विचारत मी भर उन्हात अर्धी बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, हिंडले. एका मोबाइलच्या दुकानदारानं हसून विचारलं, "रिचार्जच काऊन नाही मारत?" तेव्हा ते डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. माझं घरून करायचं टायपिंगचं कामही लॅपटॉपसकट नागपूरला यायला लागलं. धडपडून जे कळलं ते इथे क्रमानं लिहिते. नवीन आलेल्या माणसाला वाटतं की वायफाय शोधणं म्हणजे सिग्नल शोधणं. खरं तर सिग्नल जागोजागी दिसतो. अडतं ते ओटीपीपाशी, लॉगिनच्या पानापाशी, आणि चुकीचं काम चुकीच्या जागी करायला बसल्यामुळे.

१. निघण्याआधी, घरच्या नेटवर

सोबत काय असावं:

– ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम, चालू अवस्थेत. साध्या कीपॅडच्या फोनमध्ये असेल तर तो फोनही घ्या.
– चार्जर, केबल आणि पॉवरबँक. लॅपटॉप नेणार असाल तर लांब वायरचा चार्जर. प्लग नेहमी खुर्चीपासून दोन हात लांबच असतो.
– आधार, मार्कशीट, रिपोर्ट, जे लागणार असेल त्याच्या पीडीएफ फोनमध्येच उतरवून ठेवलेल्या. डिजिलॉकरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नेट नसेल तर ते उघडायचं कसं? आधारची मास्क्ड प्रत ठेवा, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.
– नागपूरचा ऑफलाइन नकाशा. गूगल मॅपमध्ये शहर शोधून तो भाग डाउनलोड करता येतो.
– परतीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट.
– दोन-चार महत्त्वाचे नंबर कागदावर. हे हास्यास्पद वाटतं, पण फोन बंद पडल्यावर भावाचा नंबरसुद्धा आठवत नाही. माझा अनुभव आहे.

सिमबद्दल जरा जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात. सार्वजनिक वायफाय फुकट असो की पैसे देऊन, बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतातच. यामागे कारण आहे. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या, पासवर्ड नसलेल्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर दूरसंचार विभागानं वायफाय कोण वापरतंय याची नोंद ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. म्हणून ओटीपी.

ओटीपीच्या एसएमएसला डेटा लागत नाही, नुसती रेंज पुरते. म्हणजे डेटा संपला तरी ओटीपी येतो. पण रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले असतील तर एसएमएस येणंच थांबतं, आणि मग कितीही जोरदार वायफाय समोर असलं तरी उपयोग नाही. आईवडिलांसोबत येत असाल तर त्यांचा नंबर आदल्या दिवशी तपासा. ड्युअल सिमवाल्यांनी कोणता नंबर टाकला हे लक्षात ठेवा. मी एकदा दहा मिनिटं ओटीपीची वाट बघत बसले. तो पर्समधल्या दुसऱ्या फोनवर केव्हाच येऊन पडला होता.

२. आधी काम ठरवा, मग जागा

हे उलटं केलं की दिवस वाया जातो. माझी ढोबळ वाटणी अशी आहे:

नुसते मेसेज, नकाशा, गाडीची वेळ: मोबाइल डेटावरच. यासाठी वायफाय शोधत बसू नये.

रिपोर्टची पीडीएफ पाठवणं, फॉर्म भरणं: स्टेशनचं किंवा कॅफेचं वायफाय चालतं.

व्हिडिओ कॉल, ऑनलाइन मुलाखत: गर्दीच्या फुकट वायफायवर अजिबात नाही. अभ्यासिका, राहायच्या ठिकाणचं नेट, नाहीतर स्वतःचा डेटा.

बँक, यूपीआय, प्रवेशाची फी: शक्यतो स्वतःच्या मोबाइल डेटावर, भले एखादा छोटा डेटा व्हाउचर मारावा लागला तरी.

आता थोडं गणित, कारण "वन एमबीपीएस" वाचून लोक फसतात. ते सेकंदाला एक मेगाबिट असतं, आपली फाइल मेगाबाइटमध्ये असते, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे १ एमबीपीएस वेगानं १ एमबीची फाइल जायला कमीत कमी ८ सेकंद. ५ एमबीचा रिपोर्ट ४० सेकंदांत. अर्ध्या तासात सगळं सुरळीत चाललं तरी २२५ एमबीच्या वर काही उतरत नाही, आणि सगळं सुरळीत कधीच चालत नाही. त्यामुळे मंद वायफाय म्हणजे निकामी वायफाय नव्हे. रिपोर्ट पाठवायला ते भरपूर झालं, पिच्चर उतरवायला बसलात तर गाडी चुकेल.

३. नागपूर स्टेशन: पहिला प्रयत्न इथे करा

रेल्वेतून उतरत असाल तर तुमचं काम फलाटावरच होऊ शकतं. रेल्वे स्थानकांवरचं वायफाय रेलटेल ही सरकारी कंपनी देते, नेटवर्कचं नाव रेलवायर. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून याची सुरुवात झाली, तेव्हा गूगल सोबत होतं. गूगल २०२० मध्ये बाजूला झालं, रेलटेलनं पुढे चालू ठेवलं, आणि आज देशभरात सहा हजारांहून जास्त स्थानकांवर ते आहे.

जोडायचं असं:

– फोनचा मोबाइल डेटा बंद करा. सिम बंद करू नका, फक्त डेटा.
– वायफाय चालू करून यादीतलं रेलवायर निवडा. पासवर्ड मागत नाही.
– लॉगिनचं पान आपोआप उघडेल. न उघडल्यास खालचा मुद्दा ४ वाचा.
– मोबाइल नंबर टाका, आलेला ओटीपी टाका.
– जोडलं गेलं असं दिसलं की मगच बाकीचे अॅप उघडा.

दिवसातली पहिली ३० मिनिटं फुकट, वेग १ एमबीपीएस. त्यापुढे पैसे. मार्च २०२१ मध्ये हे पॅक आले तेव्हा १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी, वेग ३४ एमबीपीएसपर्यंत, असा सगळ्यात लहान पॅक होता, आणि ७० रुपयांत ३० दिवसांसाठी ६० जीबी. वर जीएसटी. तुम्ही जाल त्या दिवशीचे दर लॉगिनच्या पानावरच दिसतात, ते बघून घ्या.

प्रवासी नसाल आणि फक्त नेटसाठी आत जात असाल तर फलाट तिकीट काढा. ते दोन तास चालतं. बर्डीहून यायचं तर मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेवर 'नागपूर रेल्वे स्टेशन' नावाचं स्थानक आहे, पण ते संत्रा मार्केटच्या बाजूला उघडतं. मुख्य इमारत आणि एक नंबरचा फलाट पलीकडे, पश्चिमेला. पूल चढून जावं लागतं.

फलाटावर बसायची जागाही निवडायची असते. वायफायचा डबा छताला किंवा खांबाला लावलेला दिसतो, त्याच्यापासून मोकळ्या नजरेच्या टप्प्यात बसा. मध्ये गाडी येऊन उभी राहिली, म्हणजे लोखंडाची भिंतच उभी राहिली, की सिग्नल पडतो. गाडी सुटली की पुन्हा येतो. अपलोड करायला घेताना समोर गाडीची घोषणा चालू आहे का ऐका. एखादी भरलेली एक्सप्रेस लागली की हजारभर फोन एकदम त्याच हवेत बोलायला लागतात. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीचे रांगेत थांबतात. गर्दी पांगू द्या, पाच मिनिटांत फरक दिसेल.

४. जोडलं तर गेलं, पण लॉगिनचं पानच उघडत नाही

या एका गोष्टीनं माझे सगळ्यात जास्त तास खाल्ले, म्हणून इथे सविस्तर.

सार्वजनिक वायफायला जोडल्यावर ते लगेच नेट देत नाही. तुम्ही कोणतीही साइट उघडायला गेलात की ते वाटेत अडवून स्वतःचं लॉगिनचं पान दाखवतं. पण आजच्या बहुतेक साइट सुरक्षित जोडणीवर चालतात, आणि सुरक्षित जोडणीत असं मध्येच कोणी अडवलं की ब्राउझरला ती फसवणूक वाटते. तो पान उघडूच देत नाही. बिचारा त्याचं काम चोख करतो आणि आपण त्याला शिव्या देतो.

खालच्या गोष्टी याच क्रमानं करा:

– वर 'नेटवर्कमध्ये साइन इन करा' अशी सूचना आली आहे का बघा. बऱ्याचदा ती आलेली असते आणि आपण हातानं झटकलेली असते.
– मोबाइल डेटा खरंच बंद आहे ना? चालू असेल तर फोनला वाटतं की या वायफायवर नेट नाही, आणि तो हळूच डेटावर उडी मारतो. पान येत नाही, वर आपला पॅक खातो.
– ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) टाइप करा. ही साइट मुद्दाम साध्या, असुरक्षित जोडणीवर ठेवली आहे, लॉगिनच्या पानाला मध्ये येता यावं एवढ्यासाठीच. माझं काम दहापैकी आठ वेळा इथे होतं.
– व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारं अॅप) चालू असेल तर बंद करा. लॉगिन झाल्यावर परत लावा.
– अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. जाहिराती अडवायला कोणी तिथे काही भरून ठेवलं असेल तर ते तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा. भाच्यानं माझ्या फोनमध्ये असंच काही करून ठेवलं होतं आणि ते शोधायला मला तीन फेऱ्या लागल्या.
– फोनची तारीख-वेळ बरोबर आहे ना? चुकीची असेल तर सुरक्षित साइट उघडतच नाहीत.
– इतकं करून नाही झालं तर ते नेटवर्क 'फरगेट' करा आणि पहिल्यापासून जोडा.

आणखी एक गंमत. नवे फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःची खरी ओळख न देता बनावट पत्ता देतात, अँड्रॉइडमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये चौदाव्यापासून. आपल्या भल्यासाठीच आहे ते. पण एखाद्या नेटवर्कला कधी तुमचा फोन नवा वाटला आणि त्यानं पुन्हा ओटीपी मागितला, तर घाबरू नका, द्या.

५. वाण्याच्या दुकानातलं वाणी

९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी नावाच्या योजनेला मंजुरी दिली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'वाणी' झालं असलं तरी मराठी माणसाला ते लगेच कळतं, कारण कल्पनाच तशी आहे: कोपऱ्यावरच्या वाण्यानं साखर-चहापत्तीसोबत नेटही सुटं विकावं. पूर्वी पीसीओ होते ना, पिवळ्या पाटीचे, तसंच. दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क लागत नाही. त्यानं ब्रॉडबँड घ्यायचं, एखाद्या एकत्रित सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत वायफायचं यंत्र लावायचं, आणि विकायचं.

आपल्या बाजूनं काय करायचं:

– घरूनच, चांगल्या नेटवर, पीएम-वाणीचं एखादं अॅप उतरवून नोंदणी करून ठेवा. अॅप अनेक कंपन्यांची आहेत. कोणती नोंदलेली आहेत ते पीएम-वाणीच्या सरकारी संकेतस्थळावर बघा आणि त्यातलंच घ्या.
– नागपुरात अॅप उघडलं की जवळची ठिकाणं नकाशावर किंवा यादीत दिसतात.
– तिथे गेल्यावर नेटवर्क निवडा, पॅक निवडा, यूपीआयनं पैसे भरा. सुटे पॅक काही रुपयांपासून असतात.

इथला सापळा कोंबडी-अंड्यासारखा आहे. अॅप उतरवायला नेट लागतं, आणि नेट मिळवायला अॅप. म्हणून घरूनच म्हणते. दुसरं, नकाशावर ठिकाण दिसलं म्हणून यंत्र चालू असेलच असं नाही. दुकान बंद, लाइट गेली, मालकानं प्लग काढून कूलर लावला, काहीही. लांबचा ऑटो करून जाऊ नका, वाटेवर असेल तरच थांबा.

६. मेट्रो, विमानतळ, रस्त्यावरचं वायफाय

थोडक्यात सांगते. मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. स्थानकावर वायफायचं नाव दिसलं तर वापरून बघा. पण तिकिटाला वेळेची मर्यादा असते, त्यामुळे फाटकाच्या आत तास-दोन तास बस्तान मांडता येत नाही. माझ्या दृष्टीनं मेट्रो म्हणजे मे महिन्यात डोकं थंड करत एका वायफायकडून दुसऱ्याकडे जायचं साधन.

सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर टर्मिनलच्या आत जायला तिकीट लागतं, तेव्हा फक्त नेटसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. परदेशी नंबर असलेले पाहुणे येणार असतील तर त्यांना ओटीपी येईलच असं नाही. त्यांनी चौकशी खिडकीवर विचारावं, आणि त्यांना घ्यायला जाणाऱ्यानं आपला हॉटस्पॉट तयार ठेवावा. मामेभावाला घ्यायला गेलो तेव्हा तो बाहेर येऊन अर्धा तास आम्हाला शोधत होता आणि आम्ही त्याला.

रस्त्यावरच्या वायफायची गोष्ट मोठी आहे. २०१६ मध्ये नागपूरच्या स्मार्ट सिटीचं काम दिलं गेलं, त्याच्या आराखड्यात शहरात १३६ वायफाय ठिकाणं आणि सुमारे १२०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर होतं. जपानी गार्डन चौक ते ऑरेंज सिटी हॉस्पिटल हा रस्ता 'स्मार्ट स्ट्रिप' म्हणून निवडला होता. त्या रस्त्यानं जात असाल तर फोनमधली यादी जरूर बघा. मात्र त्याच्या भरवशावर फॉर्मची शेवटची तारीख ठेवू नका. ही सूचना कोणत्याही शहरातल्या रस्त्यावरच्या फुकट वायफायला लागू आहे.

७. मागून घ्यायचं वायफाय: कॅफे, दवाखाना, अभ्यासिका

धरमपेठ, रामदासपेठ, सदर भागातल्या कॅफेंमध्ये वायफाय असतं. विचारायची वेळ ऑर्डर देतानाची, बसल्यावरची नाही. "दादा, वायफाय चालू आहे ना? लॅपटॉप लावून तासभर बसलं तर चालेल का?" एवढं आधीच विचारा. पासवर्ड कधी बिलावर छापलेला असतो, कधी भिंतीवर क्यूआर असतो. एका चहावर तीन तास बसू नये. दर तासाला काहीतरी मागवावं, आणि जेवणाच्या वेळेला गर्दी झाली की टेबल सोडावं. नाहीतर पासवर्ड बदलतो, आणि तो तुमच्यानंतर येणाऱ्याला मिळत नाही. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मात्र वायफाय शोधू नका. तिथे पोहे खा.

यादीत एकाच नावाची दोन नेटवर्क दिसली आणि एकापुढे ५जी लिहिलेलं असलं, तर ते मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, ते ५ गिगाहर्ट्झ. राउटर त्याच खोलीत असेल तर हे घ्या, वेगवान असतं. भिंतीपलीकडे किंवा कोपऱ्यात बसला असाल तर दुसरं, म्हणजे २.४ वालं. ते हळू पण लांब पोचतं.

दवाखान्यात आधी नर्सला नाही, चौकशी खिडकीवर विचारा. एका मोठ्या दवाखान्यात (नाव नको) मला तिघांनी तीन पासवर्ड सांगितले, तिन्ही चुकले, आणि चौथ्या दिवशी सफाईच्या मावशींनी बरोबर सांगितला. दाखल रुग्णाच्या नातेवाइकांसाठी वेगळं नेटवर्क असू शकतं, दाखल करतानाच्या कागदावर त्याची माहिती आहे का बघा. आतल्या खोल्यांमध्ये रेंज जात असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. साधा कॉल वायफायवरून जातो, वेगळं अॅप लागत नाही. तळघरातल्या एमआरआयच्या बाहेर बसून मी घरी बोलू शकले ते यामुळे.

आणि अभ्यासिका. ही युक्ती बाहेरच्यांना सुचत नाही. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी नागपुरात अभ्यासिका पुष्कळ आहेत: खुर्ची, टेबल, प्लग, पंखा किंवा एसी, आणि वायफाय. बहुतेकांचा हिशेब महिन्याचा, पण बऱ्याच ठिकाणी एका दिवसाचे पैसे देऊन बसू देतात. विचारलं पाहिजे. आधारची प्रत मागतील, तेव्हा मास्क्ड द्या. तिथे शांतता पाळायची असते. व्हिडिओ कॉल असेल तर आधीच सांगा, नाहीतर पन्नास माना एकदम वळतात.

कॉलेजात शिकत किंवा शिकवत असाल तर आपल्या संस्थेत 'एज्युरोम' (शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय) आहे का विचारा. असेल तर तिथलाच आयडी-पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही एज्युरोमच्या संस्थेत चालतो. पाहुणे म्हणून गेलात तरी ओटीपीची भानगड नाही.

८. मोठा फॉर्म असेल तर वायफायचा नाद सोडा

फोटो अमुक केबीचा, सही तमुक केबीची, पीडीएफ एकत्र करून, असला फॉर्म फोनवर भरण्यापेक्षा ऑनलाइन सेंटरवर जा. झेरॉक्सच्या दुकानांत ही सोय असते. पण तिथे काळजी घ्या. ब्राउझरची इन्कॉग्निटो (मागे नोंद न ठेवणारी) खिडकी उघडायला सांगा. पासवर्ड स्वतः टाका आणि 'सेव्ह करू का' विचारलं की नाही म्हणा. निघताना लॉगआउट करा, डाउनलोडच्या फोल्डरमधून आपल्या फायली काढा, रिसायकल बिनमधूनही काढा. दुकानदार मनानं चांगला असतो, पण त्याच्या डेस्कटॉपवर चारशे लोकांचे आधार पडलेले मी पाहिले आहेत. मेलऐवजी व्हॉट्सअॅप वेबवरून फाइल दिली असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइस'मध्ये जाऊन तो संगणक काढून टाका. हे हमखास विसरतं.

९. फसवणूक: कुठे थांबायचं

एका बसस्थानकाजवळ मला 'फ्री हायस्पीड' अशा नावाचं नेटवर्क दिसलं. जोडलं, पान आलं, नंबर मागितला, दिला. मग म्हणे पडताळणीसाठी एक रुपया भरा, कार्डाचा नंबर टाका. मी पर्समध्ये हात घातलासुद्धा होता. मागून बाबा म्हणाले, "फुकट आहे तर रुपया कायचा?" तिथेच वाचले.

नेटवर्कचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. खऱ्यासारख्या नावाचं खोटं नेटवर्क उभं करायला एक फोन पुरतो. म्हणून:

– नाव जिथलं आहे तिथल्या माणसाला विचारून खात्री करा.
– ओटीपी फक्त त्या वायफायच्या लॉगिनचा. मेसेज वाचा. त्यात बँकेचं, व्हॉट्सअॅपचं किंवा आधारचं नाव असेल तर तो ओटीपी तिथे टाकायचा नाही.
– फुकट वायफायसाठी कार्ड नंबर, यूपीआय पिन, ईमेलचा पासवर्ड लागत नाही. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही.
– लॉगिनच्या पानावरून अॅपची फाइल उतरवायला सांगितली तर वायफाय बंद करा आणि उठा.
– ब्राउझरनं सुरक्षिततेचा लाल इशारा दिला आणि तुम्ही बँकेच्या साइटवर असाल, तर 'तरीही पुढे जा' दाबू नका.

पत्त्याजवळच्या कुलपाचा अर्थही समजून घ्या. कुलूप असेल तर तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्याला वाचता येत नाही, हे खरं. पण साइटच चोराची असेल तर कुलूप चोराच्या घरालाही असतं.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आधी तो लावा, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त.

१०. काहीच मिळालं नाही तर

हॉटस्पॉट मागायला लाजू नका. "दादा, दोन मिनिटं हॉटस्पॉट देता का, एकच मेल पाठवायचा आहे" म्हटलं तर नागपुरात मला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट "घ्या ना ताई, पूर्ण जीबी पडून आहे" असंच ऐकलं आहे. घेताना आपल्या फोनमध्ये ते नेटवर्क 'मीटर्ड' म्हणून निवडा, म्हणजे फोटोंचा बॅकअप आणि अॅपचे अपडेट त्या बिचाऱ्याच्या डेटावर सुरू होणार नाहीत. द्यायची वेळ आली तर पासवर्ड लावूनच द्या. स्वतःच्या लॅपटॉपला द्यायचं असेल तर केबलनं द्या. बॅटरी वाचते आणि फोन कमी तापतो. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत खिशातला फोन हॉटस्पॉट देत चालला की मध्येच गरम होऊन बंद पडतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा.

नेट अजिबात नसताना पैसे द्यायचे तर *९९# लावून यूपीआय चालतं. ज्या नंबरला बँक खातं जोडलं आहे त्याच सिमवरून. हळू आहे, पण ऑटोवाल्यासमोर लाज राखतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. अशा दिवसांत त्या भागात मोबाइल नेट कूर्मगतीनं चालतं, आणि सणांच्या गर्दीत फलाट तिकिटंही कधी बंद ठेवतात. ऑनलाइन काही महत्त्वाचं असेल तर ते आदल्या रात्री उरका.

११. उठण्याआधी

लॉगआउट करा. सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क 'फरगेट' करा, निदान 'आपोआप जोडा' तरी बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी त्याच नावाच्या कुठल्याही नेटवर्कला फोन तुम्हाला न विचारता जाऊन चिकटेल. मोबाइल डेटा परत चालू करा. हे मी एकदा विसरले, आणि ब्रह्मपुरी येईपर्यंत घरचे "पोचलात का?" म्हणून मेसेज करत राहिले. आणि प्लगमधला चार्जर काढला का बघा. माझे दोन गेले आहेत.

बाबा आता बरे आहेत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, आणि या वेळी त्यांनी स्वतःच्या नंबरला रिचार्ज स्वतःच मारला आहे.